दोन घड्याळांचा सायरन

सायरन आणि दारावरचा बझर यांच्या आवाजांत मुळात एकच फरक आहे. बझरमध्ये हवा एका ठरलेल्या वेगाने थरथरत राहते. सायरनमध्ये त्या थरथरण्याचा वेगच एका चालीने चढतो आणि उतरतो. हा चढउतार सेकंदाला एकदा झाला की कानाला रुग्णवाहिका ऐकू येते. आवाज सेकंदाला दहा वेळा तुटू लागला की जुन्या टेलिफोनची घंटी किंवा रातकिड्याची किरकिर आठवते. ध्वनिपरिणाम देणारे साधे इलेक्ट्रॉनिक यंत्र याच गोष्टीवर उभे असते: एक जलद कंप आणि त्या कंपाला हाकणारी दुसरी, संथ लय. म्हणून असे यंत्र घरी करायचे तर दोन घड्याळे लागतात. एक सेकंदाला हजारेक ठोके देणारे, दुसरे सेकंदाला एखादाच. दोन्ही घड्याळे एकाच जातीच्या आठ पायांच्या आयसीपासून बनतात. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत अशी एक आयसी साधारण वडापावच्या किमतीत मिळते.

या आयसीचे नाव ५५५. स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेले आणि अमेरिकेत स्थायिक झालेले अभियंते हान्स कामेनझिंड यांनी १९७१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सिग्नेटिक्स या कंपनीसाठी तिचा आराखडा केला. १९७२ मध्ये ती बाजारात आली. पहिल्या आराखड्यात तिला नऊ पाय लागत होते, आणि त्यासाठी चौदा पायांचे मोठे, महाग घर वापरावे लागले असते. कामेनझिंड यांनी आतला स्थिर प्रवाह देणारा भाग काढून टाकला आणि त्याचे काम बाहेरच्या साध्या रेझिस्टरवर सोपवले. एक पाय वाचला आणि आठ पायांचे छोटे घर पुरले. दोन रेझिस्टर आणि एक कपॅसिटर एवढ्यावर आज कुणालाही घड्याळ चालू करता येते, याचे मोठे श्रेय या निर्णयाला आहे. आयसीच्या पोटात ५ किलोओहमचे तीन रेझिस्टर ओळीने बसवले आहेत म्हणून तिचे नाव ५५५ पडले, अशी समजूत सगळीकडे आहे. कामेनझिंड यांनी स्वतः सांगितलेली हकिकत वेगळी आहे. कंपनीच्या विक्री विभागातल्या आर्ट फ्युरी यांनी हा आकडा निवडला आणि तोच कायम झाला.

आयसी कशी चालते हे समजायला घटिकापात्र आठवावे. तळाला बारीक भोक असलेली वाटी पाण्यावर सोडली की ती हळूहळू भरते, ठरावीक वेळाने बुडते, मग ती उपसून पुन्हा पाण्यावर सोडायची. २४ मिनिटांची घटिका अशीच मोजली जाई आणि लग्नाचा मुहूर्त तिच्यावर साधला जाई. ५५५ च्या घड्याळात वाटीच्या जागी कपॅसिटर असतो, भोकाच्या जागी रेझिस्टर आणि पाण्याच्या जागी विद्युतभार. वाटी उपसण्याचे काम मात्र आयसी आपणच करते.

आतले ते तीन सारखे रेझिस्टर बॅटरीच्या व्होल्टेजचे तीन सारखे हिस्से करतात. बॅटरी ९ व्होल्टची असेल तर ३ व्होल्ट आणि ६ व्होल्ट अशा दोन खुणा तयार होतात. कपॅसिटर भरत भरत ६ व्होल्टपर्यंत चढला की आयसीतला एक ट्रान्झिस्टर चालू होऊन पिन ७ ला ऋण टोकाशी जोडतो, आणि कपॅसिटर रिकामा होऊ लागतो. तो ३ व्होल्टपर्यंत उतरला की ट्रान्झिस्टर बंद होतो आणि भरणे पुन्हा सुरू होते. कपॅसिटर पूर्ण भरतही नाही आणि पूर्ण रिकामाही होत नाही. दोन खुणांच्या मध्ये झोका घेत राहतो. तो भरत असताना पिन ३ वर बॅटरीपेक्षा थोडे कमी, सुमारे साडेसात व्होल्ट मिळतात. रिकामा होत असताना तिथे जवळजवळ शून्य असते. पिन ३ म्हणजे घड्याळाचा टोल. खुणा बॅटरीच्या प्रमाणात ठरत असल्यामुळे बॅटरी उतरून ७ व्होल्टवर आली तरी खुणाही तितक्याच उतरतात आणि घड्याळाचा वेग जवळपास तोच राहतो. पन्नास वर्षांहून अधिक काळ ही आयसी टिकून आहे ती या गुणामुळे.

वेगाचे गणितही याच दोन खुणांतून निघते. भरताना कपॅसिटर आणि बॅटरी यांच्यातले अंतर ६ व्होल्टचे ३ व्होल्ट होते, म्हणजे निम्मे होते. रिकामा होताना कपॅसिटरचे ६ व्होल्टचे ३ होतात, म्हणजे पुन्हा निम्मे. निम्मे होण्याला लागणारा वेळ २ च्या नैसर्गिक लॉगॅरिथमवर, म्हणजे ०.६९३ वर ठरतो. धन टोकापासून पिन ७ पर्यंतच्या रेझिस्टरला वरचा म्हणू आणि पिन ७ पासून कपॅसिटरपर्यंतच्या रेझिस्टरला खालचा. भरताना भार दोन्हींतून येतो, रिकामा होताना फक्त खालच्यातून जातो. त्यामुळे भरण्याचा वेळ ०.६९३ गुणिले दोन्ही रेझिस्टरची बेरीज गुणिले कपॅसिटर, आणि रिकामे होण्याचा वेळ ०.६९३ गुणिले खालचा रेझिस्टर गुणिले कपॅसिटर. दोन्ही वेळा मिळवल्या की एक फेरा झाला. वरचा रेझिस्टर १० किलोओहम, खालचा ६८ किलोओहम आणि कपॅसिटर १० मायक्रोफॅरड घेतला तर भरायला ०.५४ सेकंद आणि रिकामे व्हायला ०.४७ सेकंद लागतात. म्हणजे सेकंदाला साधारण एक फेरा. रेझिस्टर तेच ठेवून कपॅसिटर हजारपट लहान, म्हणजे ०.०१ मायक्रोफॅरडचा लावला की वेग हजारपट वाढून ९८८ हर्ट्झवर जातो आणि टकटकीचा सूर होतो. पहिला ठोका डोळ्यांनी मोजता येतो, दुसरा फक्त कानाने कळतो. या दोघांत केवळ एका कपॅसिटरचा फरक आहे.

सामान मोजकेच लागते: दोन ५५५, १० किलोओहमचे तीन रेझिस्टर, ६८ किलोओहमचे दोन, १ किलोओहमचा एक, १०० ओहमचा एक, एक एलईडी, ८ ओहमचा दोन-तीन इंची स्पीकर, ९ व्होल्टची बॅटरी तिच्या क्लिपसह, जोडणीच्या तारा आणि ब्रेडबोर्ड. कपॅसिटरांमध्ये १० मायक्रोफॅरडचा एक आणि १०० मायक्रोफॅरडचे दोन, शिवाय ०.०१ मायक्रोफॅरडचे दोन आणि ०.१ चा एक. पुढच्या प्रयोगांसाठी बीसी ५५७ हा ट्रान्झिस्टर आणि ५०० किलोओहमची दोन पॉट आणून ठेवावीत.

रेझिस्टरवर किंमत आकड्यांत लिहिलेली नसते, रंगांच्या पट्ट्यांत असते. १० किलोओहमवर तपकिरी, काळा, नारिंगी. ६८ किलोओहमवर निळा, करडा, नारिंगी. १०० ओहमवर तपकिरी, काळा, तपकिरी. शेवटची सोनेरी पट्टी पाच टक्क्यांपर्यंतचा फरक सांगते. लाल आणि नारिंगी पट्ट्या पिवळ्या दिव्याखाली हटकून चुकतात, म्हणून प्रत्येक रेझिस्टर मल्टिमीटरने तपासूनच लावावा. सिरॅमिक कपॅसिटरवर १०३ किंवा १०४ असे छापलेले असते. पहिल्या दोन अंकांपुढे तिसऱ्या अंकाइतकी शून्ये मांडली की पिकोफॅरडमधली किंमत मिळते. १०३ म्हणजे १०,००० पिकोफॅरड, म्हणजेच ०.०१ मायक्रोफॅरड, आणि १०४ म्हणजे त्याच्या दहापट. १० आणि १०० मायक्रोफॅरडचे कपॅसिटर डबीसारखे उभे असतात. त्यांच्या अंगावरची उणे चिन्हांची उभी पट्टी ज्या पायाच्या बाजूला असते तो पाय ऋण टोकाकडेच गेला पाहिजे. असा कपॅसिटर उलटा लागला तर तो गरम होतो, फुगतो, प्रसंगी फुटतोही. शिवाय त्याची खरी किंमत छापील किमतीपेक्षा वीस टक्क्यांनी कमी-जास्त असू शकते. म्हणून वर काढलेले सेकंद अंदाजाचे समजावेत.

ब्रेडबोर्डमध्ये मधल्या खाचेच्या दोन्ही बाजूंना पाच-पाच भोकांच्या रांगा असतात. एका रांगेतली पाच भोके आतून पत्र्याच्या चापाने जोडलेली असतात, खाचेपलीकडची पाच त्यांच्यापासून वेगळी. आयसी या खाचेवर घोड्यावर बसल्यासारखी बसवायची, म्हणजे तिच्या चार-चार पायांना वेगवेगळ्या रांगा मिळतात. कडेच्या लांब पट्ट्या धन आणि ऋण टोकांसाठी असतात. काही बोर्डांत या पट्ट्या मध्यावर तुटलेल्या असतात आणि ते वरून दिसत नाही, त्यामुळे अर्धे सर्किट विजेविना राहते. आयसीची खूण म्हणजे एका टोकाची अर्धगोल खाच किंवा एका कोपऱ्यातला ठिपका. खाच वर धरली की डावीकडे वरून खाली १ ते ४ आणि उजवीकडे खालून वर ५ ते ८ असे पाय मोजायचे.

आधी संथ घड्याळ बांधावे, कारण ते दिसते. पिन १ ऋण पट्टीला, पिन ८ आणि पिन ४ धन पट्टीला. पिन ८ आणि ७ यांच्यामध्ये १० किलोओहम, पिन ७ आणि ६ यांच्यामध्ये ६८ किलोओहम. पिन २ आणि ६ एका तारेने एकमेकींना जोडाव्यात, आणि तिथून १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ऋण पट्टीला, पट्टीची बाजू खाली ठेवून. साध्या घड्याळात पिन ५ ला काही काम नसते. ती ०.०१ मायक्रोफॅरडमधून ऋण पट्टीला बांधली की इकडची तिकडची विद्युत खळबळ आत शिरत नाही. पिन ३ वरून १ किलोओहम, मग एलईडीचा लांब पाय, आणि आखूड पाय ऋण पट्टीला. बोर्डाच्या धन आणि ऋण पट्ट्यांमध्ये १०० मायक्रोफॅरड आणि ०.१ मायक्रोफॅरड असे दोन कपॅसिटर आडवे टाकावेत. ५५५ च्या जुन्या, बायपोलर जातीत टोल बदलण्याच्या क्षणी बॅटरीकडून प्रवाहाचा मोठा हिसका घेतला जातो, आणि हे दोन कपॅसिटर तो हिसका जागच्या जागी पुरवतात. ते नसले तर एका घड्याळाचा ठोका दुसऱ्यात डोकावतो. बॅटरी लावली की एलईडी सेकंदाला एकदा लुकलुकतो. पहिला उजेड पुढच्यांपेक्षा थोडा लांब असतो, कारण कपॅसिटर त्या वेळी शून्यापासून भरत असतो, ३ व्होल्टपासून नव्हे.

जलद घड्याळाची जोडणी हुबेहूब तशीच करायची, पण कपॅसिटर ०.०१ मायक्रोफॅरडचा लावायचा आणि पिन ५ मोकळी ठेवायची. या घड्याळाच्या पिन ३ पासून १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, धन बाजू आयसीकडे, मग १०० ओहमचा रेझिस्टर, मग स्पीकर, आणि स्पीकरचे दुसरे टोक ऋण पट्टीला. या कपॅसिटरला मोठे काम आहे. पिन ३ वरचे व्होल्टेज शून्य आणि साडेसात यांच्यात उड्या मारते, म्हणजे सरासरी चारेक व्होल्ट तिथे कायम असतात. ते सरळ स्पीकरला मिळाले तर कागदी शंकू एका बाजूला ढकललेला राहील आणि कॉइल उगाच तापेल. कपॅसिटर सरासरी अडवतो आणि फक्त उड्या पुढे सोडतो. १०० ओहमचा रेझिस्टर आयसीवरचा बोजा हलका करतो. स्पीकरला जेमतेम १० मिलिवॉट मिळतात, पण शांत खोलीत तेवढे पुष्कळ होतात.

आवाज येतो तो कर्कश. पिन ३ चे व्होल्टेज वाटोळ्या लाटेसारखे चढत-उतरत नाही, पायरीसारखे एकदम बदलते. अशा चौकोनी लाटेत मूळ सुराबरोबर त्याचे तिप्पट, पाचपट, सातपट वेगाचे सूरही ठळकपणे मिसळलेले असतात. माणसाचा कान २ ते ५ हजार हर्ट्झच्या पट्ट्यात सर्वांत तिखट असतो, आणि ९८८ हर्ट्झच्या सुराचे तिप्पट व पाचपट सूर नेमके तिथेच पडतात. संगीताला हा आवाज जड जाईल, सायरनला मात्र शोभतो.

आता दोन्ही घड्याळे जोडायची. संथ घड्याळाच्या पिन ३ पासून १० किलोओहमचा रेझिस्टर जलद घड्याळाच्या पिन ५ ला लावावा. पिन ५ आतून थेट वरच्या खुणेला जोडलेली असते. तिला बाहेरून ओढले की ६ व्होल्टची खूण हलते, आणि खालची खूण नेहमी तिच्या निम्मी असल्यामुळे तीही हलते. संथ घड्याळाचा टोल शून्यावर असताना वरची खूण सुमारे साडेचार व्होल्टपर्यंत उतरते; कपॅसिटरला भरायला कमी अंतर उरते आणि सूर चढून १२७० हर्ट्झच्या आसपास जातो. टोल वर असताना खूण सहाच्या थोडी वर सरकते आणि सूर ९२० हर्ट्झच्या जवळ उतरतो. एलईडी पेटला की खालचा सूर, विझला की वरचा. खालच्या सुराला षड्ज मानले तर वरचा सूर शुद्ध मध्यमाच्या वर, तीव्र मध्यमाच्या किंचित खाली पडतो. ही जोडी कानाला स्वस्थ बसू देत नाही. जोडणीतला १० किलोओहम वाढवून २२ केला तर दोन सुरांतले अंतर कमी होते. तिथे पॉट लावून हवे ते अंतर कानाने साधता येते.

हा झाला दोन सुरांचा, उडी मारणारा सायरन. हळूहळू चढत आणि उतरत जाणारा आक्रोश हवा असेल तर पिन ३ उपयोगाची नाही, कारण तिच्याकडे दोनच पायऱ्या आहेत. सलग चढउतार संथ घड्याळाच्या कपॅसिटरवर आहे. तिथे व्होल्टेज ३ ते ६ आणि ६ ते ३ असे अखंड झुलत असते. पण तो कपॅसिटर थेट पिन ५ ला जोडला तर आतले रेझिस्टर त्याच्यात भार ओततील आणि घड्याळ बिघडेल. मध्ये बीसी ५५७ हा ट्रान्झिस्टर घालावा. त्याची सपाट बाजू समोर आणि पाय खाली धरले की डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असा क्रम येतो. कलेक्टर ऋण पट्टीला, बेस संथ घड्याळाच्या पिन २ ला, एमिटर जलद घड्याळाच्या पिन ५ ला. आधीचा १० किलोओहम काढून टाकायचा. ट्रान्झिस्टर कपॅसिटरकडून नाममात्र प्रवाहाची देवघेव करतो आणि पिन ५ ला त्याच्या मागोमाग चालवतो, फक्त सुमारे ०.७ व्होल्ट वरून. सूर साधारण ९९० आणि १४२० हर्ट्झच्या दरम्यान वळणावळणाने फिरतो. कपॅसिटर आधी झपाट्याने आणि मग रेंगाळत भरतो, त्यामुळे सुराची चालही एकसारखी नसते. सुटताना तो वेगाने पळतो आणि टोकाला जाताना मंदावतो. हाताने फिरवायच्या भोंग्याची आठवण होते ती या रेंगाळण्यामुळे. १० मायक्रोफॅरडच्या जागी ४७ लावला की एक फेरा पावणेपाच सेकंदांचा होतो आणि आवाजाला युद्धकाळातल्या इशाऱ्याचा भारदस्तपणा येतो.

तिसरी जोडणी पिन ४ ची. ती धन टोकाला असेपर्यंत घड्याळ चालते, शून्याजवळ ओढली की थांबते. जलद घड्याळाची पिन ४ धन पट्टीवरून सोडवून संथ घड्याळाच्या पिन ३ ला जोडली आणि पिन ५ ची जोडणी काढली की सूर बदलत नाही, तुटत जातो: पीप, शांतता, पीप. संथ घड्याळाचा कपॅसिटर १० वरून १ मायक्रोफॅरडवर आणला की सेकंदाला दहा तुकडे पडतात आणि घंटीचा भास होतो. त्यातच जलद घड्याळाचा कपॅसिटर ०.००२२ केला तर सूर साडेचार हजार हर्ट्झच्या घरात जातो. अनेक रातकिड्यांचा सूरही ४ ते ५ हजार हर्ट्झमध्येच असतो, म्हणून हा आवाज खिडकीबाहेरच्या रात्रीसारखा वाटतो. एकांकिकेतल्या गावाकडच्या प्रसंगाला तो चालून जातो.

याच दोन आयसींची आणखी एक जोडणी जगभर प्रसिद्ध आहे. अमेरिकन लेखक फॉरेस्ट मिम्स यांनी ती १९८० मध्ये रेडिओ शॅकच्या पुस्तिकेत दिली. पुढे हौशी मंडळींनी तिला अटारी पंक कन्सोल असे नाव ठेवले. तिच्यात पहिले घड्याळ दुसऱ्याला दर फेऱ्याला एक बारीक चिमटा काढते. त्यासाठी पहिल्याचा वरचा रेझिस्टर ५०० किलोओहमचे पॉट, खालचा फक्त १ किलोओहम आणि कपॅसिटर ०.०१ मायक्रोफॅरड असतो, म्हणजे टोल शून्यावर राहतो तो मायक्रोसेकंदांपुरता. हा टोल दुसऱ्या आयसीच्या पिन २ ला जातो. दुसरी आयसी सतत चालत नाही. तिच्या पिन ६ आणि ७ एकत्र जोडून त्यांवर ५०० किलोओहमचे दुसरे पॉट धन पट्टीकडून आणि ०.१ मायक्रोफॅरड ऋण पट्टीकडे लावलेला असतो. चिमटा बसला की ती एकदाच ठरावीक वेळ जागी राहते, आणि त्या वेळात बसलेले चिमटे तिला कळत नाहीत. इथेच खरी गंमत आहे. पहिले घड्याळ हजार चिमटे काढते आणि दुसरी प्रत्येकाला उत्तर देते तेव्हा सूर हजारचा. तिचा जागे राहण्याचा वेळ दुसरे पॉट फिरवून थोडा वाढवला की ती एक सोडून एक उत्तर देते आणि सूर एकदम पाचशेवर पडतो, मग ३३३, मग २५०, मग २००. मधले सूर नाहीतच. हजारला तार षड्ज मानले तर पुढचे सूर षड्ज, मंद्र मध्यम, मंद्र षड्ज आणि अतिमंद्र सप्तकातला कोमल धैवत असे उतरतात. पॉट सलग फिरते आणि आवाज मात्र पायऱ्यांवरून गडगडत खाली जातो.

सर्किट पहिल्याच फटक्यात बोलेल असे नाही. आयसीवर बोट ठेवून पाहावे. ती चटका देण्याइतकी तापली असेल तर ती उलटी बसली आहे किंवा बॅटरी उलटी लागली आहे. बॅटरी ताबडतोब काढावी. एलईडी लुकलुकतो आणि आवाज नाही, तर दोष जलद घड्याळात किंवा त्यापुढे आहे. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवून त्याच्या पिन ३ वर धरावा. सायरनच्या जोडण्यांत चारेक व्होल्ट दिसले तर घड्याळ चालू आहे, कारण मीटर उड्यांची सरासरी दाखवतो. तेव्हा स्पीकरची वाट तपासावी. शून्य किंवा साडेसात व्होल्ट स्थिर दिसले तर ते थांबलेले आहे. नवशिक्यांकडून सर्वांत जास्त राहून जाते ती पिन २ आणि ६ यांना जोडणारी तार. त्याखालोखाल पिन ४ अधांतरी राहते. आवाज घोगरा होत जात असेल तर बॅटरी उतरली आहे. मोबाइलच्या जुन्या ५ व्होल्टच्या चार्जरवरही हे सर्किट चालते, कारण ५५५ ला साडेचार व्होल्ट पुरतात, फक्त आवाज लहान होतो. घरातल्या २३० व्होल्टच्या विजेशी मात्र या प्रयोगाचा थेट संबंध कुठेही येऊ देऊ नये.

उघड्या स्पीकरचा आवाज पोकळ आणि किरटा वाटतो. शंकू पुढे सरकतो तेव्हा पुढची हवा दाबली जाते आणि मागची विरळ होते. हे दोन विरुद्ध परिणाम कडेने एकत्र येऊन एकमेकांना मारतात, विशेषतः खालच्या सुरांत. पुठ्ठ्याच्या खोक्याला शंकूएवढे भोक पाडून स्पीकर आतून चिकटवला की मागची हवा कोंडली जाते आणि तोच सूर भरून येतो. याहून मोठा बदल स्वस्तात होत नाही. दुसरा मजेचा बदल म्हणजे जलद घड्याळाच्या ६८ किलोओहमच्या जागी १० किलोओहम आणि त्याच्या पाठोपाठ एलडीआर. उजेडात एलडीआरचा रोध काही शे ओहमपर्यंत उतरतो, अंधारात लाखो ओहमपर्यंत चढतो. त्यामुळे उन्हात आवाज चिवचिवतो आणि हाताची सावली पडली की खोल जातो. एलडीआरऐवजी ६बी पेन्सिलने कागदावर ओढलेली जाड रेघही चालते. एक तार रेघेच्या टोकाला टाचून दुसरी रेघेवरून फिरवली की सूर सरकतो.

ब्रेडबोर्डवरचे सर्किट समाधानकारक वाजू लागले की ते भोकांच्या पीसीबीवर सोल्डर करावे. आयसीचे पाय थेट न जोडता आधी आठ पायांची सॉकेट जोडावीत आणि आयसी सगळ्यात शेवटी त्यात बसवाव्यात. तापलेले टोक पाय आणि तांब्याची चकती या दोघांना एकदम टेकवून, मग तिथे सोल्डरची तार लावली की ती पाण्यासारखी पसरते. थंड राहिलेला सांधा मण्यासारखा गोल आणि निस्तेज दिसतो, आणि महिन्याभराने नेमका तोच दगा देतो. तयार यंत्र गणपतीच्या देखाव्यात, शाळेच्या संमेलनात किंवा खेळण्यातल्या अग्निशमन गाडीत बसवता येते. खऱ्या वाहनात ते बसवू नये. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम ११९ नुसार एकापाठोपाठ वेगवेगळे सूर काढणारा हॉर्न साध्या वाहनाला लावता येत नाही. रुग्णवाहिका आणि अग्निशमन दलासारख्या वाहनांना त्यात सूट आहे.

नाटकासाठी यंत्र करताना बटणाची जागा विचारपूर्वक ठरवावी लागते. बटण बॅटरीच्या वाटेत ठेवले तर दर वेळी संथ घड्याळाचा कपॅसिटर शून्यापासून भरू लागतो. चढत्या-उतरत्या सायरनच्या जोडणीत तेव्हा ट्रान्झिस्टर पिन ५ ला जवळजवळ तळाशी ओढतो, आणि सायरनची सुरुवात २००० हर्ट्झच्या किंकाळीने होते. म्हणून बॅटरी प्रयोगापूर्वीच चालू करून ठेवावी आणि बटण स्पीकरच्या वाटेत बसवावे. घड्याळे मुकाट चालत राहतात. विंगेतल्या माणसाला एलईडी दिसत असतो: तो पेटलेला असताना सूर उतरत असतो, विझलेला असताना चढत असतो. एलईडी विझला त्याच क्षणी बटण दाबले की सायरन प्रेक्षकांना खालून वर चढत येताना ऐकू येतो.